विलायती गाडीचं माहेरपण

आमच्या गाडीच्या कंपनीचं नाव मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा लगेच किंमत विचारतो, आणि किंमत ऐकली की माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघतो, तेही सहानुभूतीनं. तेव्हा एवढंच सांगतो, की गाडी विलायती आहे, वयानं माझ्याहून थोडी लहान आहे, रंगानं गर्द हिरवी आहे आणि तिच्यात दोनच माणसं बसतात. चाकांना सायकलसारख्या तारा आहेत. छप्पर म्हणून एक कॅनव्हासचा हूड आहे. तो चढवून होईपर्यंत पावसाची सर येऊन गेलेली असते. उभी असली तरी निघाल्यासारखी दिसते, आणि निघाली तरी पोचेलच असं नाही.

मी आयुष्यभर विमा कचेरीत बसून लोकांना धोक्यापासून सावध केलं आणि स्वतः ही गाडी घेतली. तिचे सुटे भाग समुद्रापलीकडून येतात आणि यायला एक ऋतू लागतो. नट-बोल्ट इंचाच्या मापाचे, त्यामुळे पान्यांचा संच वेगळा. जिथं उभी राहील तिथं तेलाचा एक टिळा लावून जाते, म्हणून सोसायटीच्या प्रत्येक सभेत आमचा उल्लेख असतो. पण मोकळा रस्ता मिळाला, तिसरा गिअर पडला आणि पुढचं लांब बॉनेट घुमायला लागलं, की मला जे होतं ते मी लपवत नाही. मला आनंद होतो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी वसुधा, म्हणजे माझी बायको, चहाचा कप ठेवत म्हणाली, "आपण गाडी विकून टाकू या."

का, तर म्हणे बस्स झालं. त्यापुढे एक अक्षर नाही. मी दोन दिवस तोंड पाडून हिंडलो. मग तिनंच तोडगा काढला. "जानेवारीत हिच्यातूनच माझ्या माहेरी जाऊ. पुण्याहून रोह्याला आणि परत. स्वतःच्या चाकांवर घरी आली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. टेम्पोत घालून आणावी लागली, तर मात्र विकायची."

मी हो म्हटलं. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

घाट उतरून पेण

थंडीतल्या सकाळी उघड्या गाडीतून बोरघाट उतरण्यासारखं सुख नाही. माझ्या डोक्यावर कानटोपी, वसुधाच्या डोक्याला शाल. आमच्याकडे बघून बाकीच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून हात हलवत होती. पुण्यात आमच्या शेजारच्या काचा वर जातात.

घाट उतरला की दोन गोष्टी बदलतात. हवा ओली होते, आणि माझ्या बायकोच्या 'नाही'चं 'नाय' होतं. पुण्यात चाळीस वर्षं काढूनही तिच्या जिभेवरचं कोकण पुसलं गेलेलं नाही. ते फक्त घाटमाथ्यावर थांबून राहतं. खोपोलीत चहा पिताना मी विचारलं, "थंडी वाजतेय का?" तर म्हणाली, "नाय." मला फार बरं वाटलं.

खोपोलीहून पेणेला जाणारा रस्ता मला आवडतो. कापून झालेली भातशेतं, त्यांत रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या, बांधावरच्या आंब्यांना आलेला कोवळा मोहोर. गाडी इतकी ठेंगणी, की रस्त्याकडेच्या म्हशी आपल्याकडे वरून बघतात. डोंगरसुद्धा नेहमीपेक्षा उंच दिसतात.

पेणेत शिरलो आणि गाडी बंद पडली. आमच्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. तो मागच्या बाजूला असतो आणि टिकटिक करतो. टिकटिक थांबली की पेट्रोल थांबलं. त्यावर एकच इलाज आहे, आणि तो मी नव्हे, वसुधा करते. ती उतरली, पायातली चप्पल काढली, मागच्या चाकाशी वाकली आणि पंपाला दोन सणसणीत फटके दिले.

समोर गणपतीचा कारखाना होता. दारात ओळीनं पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, आणि त्यांच्यामागून कारखान्याचे मालक घाईघाईनं बाहेर आले. विजूशेठ त्यांचं नाव, हे नंतर कळलं.

"ओ वहिनी, मारू नका. लक्ष्मी हाय ती," ते म्हणाले.

"लक्ष्मी हाय, पण आडमुठी हाय," वसुधा म्हणाली आणि तिसरा फटका दिला. टिकटिक सुरू झाली.

विजूशेठनी आम्हाला सोडलं नाही. आत नेऊन चहा दिला. आपल्याकडे माणूस गाडी बघतो तेव्हा विचारतो, किती देते? पेट्रोलचं ॲव्हरेज. विजूशेठ गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, मागची डिकी उघडायला लावून, गंभीरपणे म्हणाले, "दीड फुटी किती मावतील हिच्यात?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, की पेणेत वाहन गणपतीत मोजतात. टेम्पोत इतके, ट्रकात इतके, मधे पेंढा घालून. मी म्हटलं, "एकच. तोही हिच्या मांडीवर."

विजूशेठनी थोडा विचार केला. "चालंल," ते म्हणाले. "एकच नेयाचा तर असाच नेयाचा." आमच्या गाडीची इतकी नेमकी तारीफ आजवर कोणी केलेली नाही. निघताना त्यांच्या घरातून पोह्याच्या पापडांचं एक पुडकं आलं. ते ठेवायला जागा शोधताना विजूशेठ पुन्हा डिकीत वाकले आणि बराच वेळ हळहळले.

रोह्याकडे

वडखळच्या आसपास डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर लागतात. पोलादाची गुंडाळी घेऊन जाणारा ट्रेलर शेजारून गेला, की त्याच्या चाकाचा मधला भाग माझ्या कानाच्या उंचीला येतो. अशा वेळी मी विमा कचेरीतली सगळी वाक्यं आठवतो. वसुधा मात्र मजेत होती. शिफ्ट सुटलेली पोरं बसथांब्यावर उभी होती. त्यांनी शिट्ट्या मारल्या, तिनं हात हलवला. रस्त्याची कामं चालू होती. खड्डा दिसला की मी पोट आत ओढून घ्यायचो, जणू त्यामुळे गाडीचं पोट वर उचललं जाणार होतं.

नागोठण्याला वळलो, भिसे खिंडीचा चढ तिनं तक्रार न करता काढला, आणि रोहं मागे टाकून कुंडलिकेच्या काठाकाठानं आम्ही वसुधाच्या गावी पोचलो. स्वतःच्या चाकांवर. अर्धी पैज जिंकली, असं मी म्हटलं, तोवर वसुधा उतरून अंगणाकडे निघालीही होती.

तिथं तिचे थोरले भाऊ असतात, अनंतदादा. भाताची शेती, भात कापल्यावर वाल, दारात चार माड. गाडी अंगणात येताच वहिनी बाहेर आल्या, आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि टाकण्याआधी जरा थांबून तो गाडीवरूनही ओवाळला. मग तांब्यातलं पाणी आमच्या पायांवर आणि उरलेलं चारही चाकांवर. पुण्यात पाहुणा आला तर आम्ही आधी विचारतो, कसं येणं केलं? इथं गाडीचेसुद्धा पाय धुतात.

अर्ध्या तासात गाव जमलं. आमच्या सोसायटीत लोक गाडीकडे लांबून बघतात, हात लावायला लाजतात. इथं बाया येऊन सीटवर बसून बघत होत्या, पुरुष बॉनेट उघडायला सांगत होते. एक म्हातारी काठी टेकत आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "एवरी लांब गारी नि मानसा दोनच? बाकीची मानसा काय करतान?" मी तिला शेजारी बसवून गावाच्या वेशीपर्यंत फेरी मारून आणली. परत आल्यावर ती उतरायलाच तयार होईना. म्हणाली, जरा बसते, बरं वाटतंय.

संध्याकाळी शेतावर पोपटी लावली. ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. हा बांधावर आपोआप उगवतो आणि त्याला ओव्याच्या जवळपासचा वास असतो. त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधेमधे बटाटे आणि अंडी. वरून पुन्हा पाला दाबून मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. झालं की नाही हे बघायला अनंतदादा मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन पाणी तिथल्या तिथं उडालं की काढायचं.

"दाजी, तुमच्या गाडीला हीच परीक्षा लावाची," ते म्हणाले. "पानी मारून बघाचं."

शेकोटीभोवती बसून, बोटं भाजून घेत शेंगा सोलून खाल्ल्या. मी खाण्यातला चोखंदळ माणूस आहे, पण वालाच्या त्या उकडलेल्या, मीठ लागलेल्या दाण्यापुढे मला दुसरं काही आठवेना. वसुधा भावाशी, वहिनीशी भराभर गावच्या बोलीत बोलत होती. मधेच अनंतदादांनी विचारलं, "काय गो वसू, गाडी विकताव म्हनं?"

"बघू," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

देवीचा हार

निघायच्या दिवशी सकाळी अनंतदादा म्हणाले, गाडी आधी देवीपुढे न्यायची. माहेरवाशिणीचं वाहन गावात पहिल्यांदा आलं की ग्रामदेवीला दाखवल्याशिवाय परत जात नाही, अशी तिथली रीत. मी देवळापुढे गाडी लावली. गुरव बाहेर आले. त्यांनी देवीला मोठ्यानं सांगितलं, की बाई, वसू माहेराला आली होती, आता ती नि तिचा घरधनी या गाडीनं घाट चढून जातात, गाडी म्हातारी आहे, सांभाळून ने. जमलेल्या सगळ्यांनी "व्हय" म्हटलं. मीही म्हटलं. गाडी म्हातारी आहे यावर माझा आक्षेप होता, पण ती वेळ नव्हती.

मग हार आला. झेंडूचा, मनगटाएवढा जाड, मधेमधे आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या गुंफलेला. एसटीला दसऱ्याला घालतात तसा तो गुरवांनी आणि अनंतदादांनी गाडीच्या तोंडावर या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत बांधला. लांबी उरली म्हणून दुसरा वेढा दिला, तरी उरली म्हणून तिसरा. गाडी इतकी सुंदर दिसत होती, की मी दहा फोटो काढले.

"घरी पोचंपर्यंत गाडीवरना उतरवाचा नाय," गुरवांनी बजावलं. वसुधानं मान डोलावली.

मागच्या कॅरिअरवर तांदळाचं पोतं, वाल, नारळ आणि विजूशेठचे पापड बांधले. वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "वन्सं, परत याल तवा याच गाडीनं या." वसुधानं त्यांना मिठी मारली आणि एवढंच म्हणाली, "येते गो."

भिसे खिंड

रोह्यापर्यंत सपाट रस्ता, गाडी छान चालली. खिंडीचा चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटा हलला. येताना जिथं तो आळसावून पडला होता, तिथून आता उठला आणि बघता बघता लाल पट्टीला जाऊन भिडला. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बॉनेट उघडून उभा राहिलो.

पाण्याचा पंप गेला असावा, असं मला वाटलं. तो गेला असेल तर रस्त्यात काहीच होण्यासारखं नव्हतं. पंखा बघितला, पट्टा बघितला, नळ्या चाचपल्या, हात भाजून घेतला. वसुधा उतरून कठड्यावर बसली होती.

तेवढ्यात मागून एक रिकामा टेम्पो आला आणि थांबला. चालक हसरा, गळ्यात मफलर. "काय काका, तापली काय? पनवेलला चाललोय रिकामाच. चढवूया हिला. फळी हाय माझ्याकडं, आरामात चढंल."

मी वसुधाकडे बघितलं. पैज तिनं जिंकलीच होती. तिनं फक्त "चढवा" म्हणायचं होतं. ते ती म्हणाली असती, तर तिच्यावर रागावण्याचा मला हक्क नव्हता, आणि मी मनातल्या मनात गाडीचा निरोप घ्यायला लागलो होतो. तिच्या स्टिअरिंगच्या लाकडावर हात ठेवून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

वसुधा उठली. गाडीच्या पुढे आली, वाकली आणि हाराच्या मागे बोटं घालून बघितली. "अहो," ती म्हणाली, "हिला श्वास कुठून घ्यायचा?"

गाडीचं तोंडच मुळात लहान. त्यातून हवा आत शिरते आणि रेडिएटर गार होतो. त्या तोंडावर झेंडूचे तीन वेढे, आंब्याची पानं आणि लोंब्या. मी इंजिनात डोकं घालून सगळं शोधत होतो आणि समोरचा हार मला दिसला नव्हता, कारण तो देवीचा म्हणून मी त्याच्याकडे गाडीचा भाग समजून बघतच नव्हतो.

"पण तो काढायचा नाही ना?" मी म्हटलं. हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. एरवी मी देवाधर्मातला नव्हे. पण देवी तिची होती.

तिनं चपला काढल्या, हात जोडले आणि पुटपुटत दोऱ्या सोडल्या. तो जड हार दोन्ही हातांवर घेऊन ती मागे गेली आणि तांदळाच्या पोत्याभोवती गुंडाळून तो कॅरिअरवर बांधला. "गाडीवरनं उतरवला नाय," ती टेम्पोवाल्याला म्हणाली. "मागं बसवला."

"बराबर हाय मावशी," तो म्हणाला. त्यानं आपल्या कॅनमधलं पाणी दिलं. गाडी गार होईपर्यंत आमच्याबरोबर थांबून पापडांचं पुडकं बघितलं, पेणेच्या कोणाकडचे ते विचारलं, आणि चढवायची नाहीच अशी खात्री झाल्यावर गेला.

मी वसुधाशेजारी कठड्यावर बसलो. खाली रोह्याकडची शेतं दिसत होती. मी विचारलं, "गप्प बसली असतीस, तर जिंकली असतीस. बोललीस का?"

ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं मला ही नको झालीय. ही नको असती तर इतकी वर्षं चप्पल हातात घेऊन वाकले असते का मी? आपण आता सत्तरीकडे चाललो. उद्या तुम्ही आधी गेलात, तर ही दारात उभी राहणार. मला ती चालू करता येत नाय. रोज सकाळी खिडकीतून तिच्याकडं बघायचं, आणि ती तशीच उभी. मला ते जमणार नाय. म्हणून म्हटलं, तुमच्या हातूनच कुठं चांगल्या घरी जाऊ दे."

घरात रोजच्या वापराची दुसरी छोटी गाडी आहे, ती वसुधाच चालवते, पुण्याच्या रहदारीत माझ्यापेक्षा शांतपणे चालवते. या विलायतीचं स्टिअरिंग मात्र तिनं कधी मागितलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. मी उठलो, किल्ली तिच्या हातात दिली आणि डाव्या बाजूला जाऊन बसलो.

"आत्ता? इथं चढावर?"

"क्लच जड आहे," मी म्हटलं.

"तुमच्याबरोबर संसार केलाय," ती म्हणाली आणि बसली.

पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा गचका देऊन पुढे उडी मारली आणि कॅरिअरवरून एक नारळ घरंगळला. तो मी धावत जाऊन आणला. तिसऱ्यांदा निघाली. खिंडीच्या माथ्यावर रस्ता मोकळा झाला, तिनं तिसरा टाकला आणि बॉनेट घुमायला लागलं. मी तिच्याकडे बघत होतो. तोंड आवळलेलं, शाल मागे उडालेली, आणि डोळ्यांत तेच, जे माझ्या डोळ्यांत असतं म्हणून लोक मला हसतात. काटा जागेवर पडून होता.

नागोठणं, वडखळ, पेण. घाटात मी स्टिअरिंग मागितलं, तिनं दिलं नाही. संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. सोसायटीच्या फाटकात वॉचमन उठून उभा राहिला. तो माझ्यासाठी आजवर कधी उठला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर घरात कोणी नव्हतं. खालून इंजिन घुरघुरल्याचा आवाज आला, बंद पडला, पुन्हा आला. मी खिडकीशी गेलो. वसुधा गाडीत एकटी बसली होती. गाडी चालू झाली, दोन क्षण नीट चालली, तशी तिनं ती बंद केली, चोक पुन्हा ओढला, हात मांडीवर ठेवून जरा थांबली आणि पहिल्यापासून सगळं परत केलं. पुन्हा चालू झाली. पुन्हा तिनं बंद केली.

मी खाली गेलो नाही. तिला एकटीला जमायला हवं होतं.